पाटावरची जाळी

सत्काराला गेलं की एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. माईकपाशी उभी असलेली व्यक्ती माझ्या खांद्यावरची शाल सारखी करते आणि सांगते, सुभद्राअक्कांचा स्वभाव लहानपणापासूनच परोपकारी. मी मान डोलावते, नारळ घेते आणि खाली बसते. बेंगळुरूच्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मशीनमध्ये बोटं गेलेली, पंजा गेलेला अशी माणसं येतात. उरलेल्या हातानं बटण कसं लावायचं, घास कसा घ्यायचा, सही कशी करायची, हे त्यांना शिकवणं एवढंच मी आयुष्यभर केलं. त्याला कोणी परोपकार म्हटलं तर माझी हरकत नाही. मात्र लहानपणी मी खरोखर एक चांगलं काम केलं होतं, आणि त्या चांगल्या कामापायी एका माणसाची तीन बोटं गेली. हे मी कुठल्या व्यासपीठावर सांगितलेलं नाही. आता वय झालं, आणि शालीही ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा एकदा लिहून टाकते.

आमचं घर राजाजीनगरात होतं. आजोबांनी बांधलेलं, पुढे दोन नारळ, मागे धुण्याचा दगड. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि परत जायचं विसरले, असं अप्पा पाहुण्यांना सांगत आणि सांगताना मिशीवरून हात फिरवत. त्या फौजेतलं आमच्याकडे एक आडनाव उरलं होतं आणि एक अप्पांचा हात. घरात मराठी चाले, पण ती पुण्याच्या माणसाच्या कानावर पडली तर तो स्वल्प थांबून आधी हसेल. आम्ही जेवायला बसत नसू, ऊटाला बसत असू. कुणाला गप्प बसवायचं तर ‘सुम्ने बस’ म्हणत असू. पुरणपोळीला आई होळगीच म्हणायची आणि तिच्यावर तुपाची धार धरून वर गरम दूध ओतायची. सकाळी चित्रान्नाच्या, म्हणजे लिंबूभाताच्या, फोडणीत शेंगदाणे तडतडायचे, लिंबाचा वास ओसरीपर्यंत यायचा, आणि त्या वासात अप्पा स्कूटर काढून पीण्याला आपल्या शेडवर जायचे. तो दिवसातला सर्वांत सुखाचा आवाज, लांब जाणाऱ्या स्कूटरचा.

संध्याकाळी तोच आवाज उलटा यायचा. स्कूटर कोपऱ्यावर वळली की आई रेडिओ बंद करायची आणि मी पुस्तक उघडायची. स्टँडवर चढवताना एकच दणका झाला तर अप्पांचा दिवस बरा गेलेला असे. दोन-तीन झाले तर नाही. शेडवर पत्रा मापायची एक जाड स्टीलची फूटपट्टी होती, ती अप्पा संध्याकाळी खिशात घालून घरी आणत आणि कपाटावर ठेवत. घरी मापण्यासारखं काही नव्हतं. सार खारट झालं, सदऱ्याचं बटण तुटलेलं राहिलं, पाहुण्यांसमोर आई मध्ये बोलली, एवढं पुरे होई. एकदा साराच्या मिठावरूनच अप्पांनी भरलं ताट उचलून आईच्या तोंडावर मारलं. ताटाची कड भुवईवर लागली. भात, सार आणि रक्त एकत्र तिच्या पदरावर ओघळलं, आणि अप्पा हात धुवायला उठून गेले.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मी हळदीचा डबा आणला आणि मूठभर हळद आईच्या भुवईवर दाबली. आई डोळे मिटून म्हणाली, “तूप घाल त्यात. नुसती सुकली की ओढते.” मी तूप घातलं. कोणी विचारलं तर मोरीत पाय घसरला सांगायचं, तेही तिनं त्याच आवाजात सांगितलं. पुढे हे आमच्या अंगवळणीच पडलं. अप्पा मारत, मी हळद लावी आणि मोरीला बोल लागे. त्या मोरीइतकी बदनाम जागा अख्ख्या राजाजीनगरात नसेल. आता कोणी म्हणेल, बघा, हीच ती दया. खरं सांगते, दया वगैरे काही नव्हती. रक्त थांबलं की आई उठायची, आई उठली की चूल पेटायची, आणि चूल पेटली की अप्पांचा राग माझ्याकडे वळत नसे. मला भीती वाटत होती आणि भीतीत हाताला काहीतरी काम लागतं.

अप्पांची शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन प्रेस आणि चार कामगार. पंख्यांना लागणाऱ्या क्लिपा तिथे होत. पत्र्याची पट्टी हातानं आत सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येई आणि क्लिप कापली जाई. सुटीच्या दिवशी आई मला अप्पांचा डबा देऊन पाठवायची. आत शिरलं की जमीन पायांखाली हादरे, दात वाजत. सर्वांत मोठ्या प्रेसवर मुनियप्पा बसे. मी त्याला मुनियण्णा म्हणायची. तो कोलारकडचा, पंचविशी-तिशीचा, दासरहळ्ळीला बायकोबरोबर एका खोलीत राहायचा. आमच्याशी कन्नडच बोले, ते मी इथे मराठीत लिहिते आहे. तो माझ्यासाठी पत्र्याच्या गोल चकत्या बाजूला काढून ठेवी आणि त्यांच्या कडा कानशीनं घासून देई, ठिक्कर खेळताना माझं बोट कापू नये म्हणून. मोठा माणूस, आणि तरी आवाज चढवत नाही, हा प्रकार मी आधी पाहिलेलाच नव्हता. अप्पांनी एखाद्या कामगाराच्या कानाखाली आवाज काढला की शेडमध्ये सगळे खाली बघून काम करत. मुनियण्णाही खाली बघे. पण अप्पा बाहेर गेले की उठून त्या माणसाला पाण्याचा तांब्या नेऊन देई.

त्याच्या प्रेसला पुढून एक लोखंडी जाळी होती, चार बोल्टांनी बसवलेली. तिच्या फटीतून पट्टी आत जाई, बोटं जात नसत. एकदा मी विचारलं, ही कशाला? तो जाळीवर हात ठेवून म्हणाला, “ही माझी अव्वा, पुट्टी. मी विसरलो तरी ती विसरत नाही.” अव्वा म्हणजे आई, पुट्टी म्हणजे छोटी. मला ते फार आवडलं. माझ्या आईला कोणाला वाचवता येत नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही, म्हणून असेल.

आमच्याकडे खंडेनवमी आणि शेजारी आयुधपूजा, दिवस तोच. बेंगळुरूत तो दिवस म्हणजे रस्तोरस्ती फुटलेले कोहळे. प्रत्येक गाडीला, प्रत्येक शटरला झेंडू आणि केळीचे खांब, आणि उंबऱ्यासमोर कोहळा कापून, त्यात कुंकू भरून आपटलेला. पीण्यात तर पाय ठेवायला जागा नसे, सगळा रस्ता लाल आणि ओला. शेडमध्ये मशीन पुसून तेल लावून ठेवत. पाने, हातोड्या, कानशी, सगळी हत्यारं धुऊन एका मोठ्या पाटावर मांडत. आणि आमच्या घराचा कडक नियम असा, की पाटावर मांडून एकदा कुंकू लागलं की ते हत्यार दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत उचलायचं नाही. हा नियम माझा लाडका होता. कारण त्या पाटावर अप्पांची फूटपट्टीही असे. वर्षातली ती एक रात्र आई आणि मी निर्धास्त झोपायचो.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि कुंकवाचं तबक पहिल्यांदाच माझ्या हातात आलं होतं. नवा हिरवा परकर, केसात अबोली. आई एका कोपऱ्यात चुरमुरे आणि बत्ताशांच्या पुड्या बांधत होती. मी फूटपट्टी स्वतःच्या हातानं पाटावर ठेवली, तिला चांगलं भरपूर कुंकू लावलं, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की मुनियण्णाच्या अव्वालाही पाटावर बसवायला पाहिजे. सगळी ठोकणारी, कापणारी हत्यारं मानानं बसली आहेत आणि जी एकटी हात सांभाळते तिला कोणी विचारत नाही. माझ्या दृष्टीनं पाटावर जो बसला त्याला देव बघतो. मी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, “अण्णा, जाळी काढून द्या ना. तिची पूजा करते.”

तो हसला. “बेडा, नको, पुट्टी. ती तिथेच बरी. इथेच लाव कुंकू.”

“नाही, पाटावर. मधोमध.”

मी हट्ट धरला. आज तर मशीन बंदच राहणार, एवढा विचार त्यानं केला असावा. त्यानं अजून पाटावर न गेलेला एक पाना घेतला, चारही बोल्ट सोडवले, जाळी फडक्यानं लखलखीत पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मी ती पाटाच्या मधोमध ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, सर्वांत जाड झेंडूची माळ तिला घातली. आरती झाली. दारात कोहळा फुटला. मला वाटलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं पुण्य झालं.

पुड्या वाटत असतानाच एक लॉरी दारात येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकाचा माणूस होता, चार दिवसांच्या सुटीआधी त्याला माल हवा होता आणि एक खोकं भरायला थोड्या क्लिपा कमी पडत होत्या. अप्पांचा चेहरा मी ओळखत होते. ते म्हणाले, “मुनिया, बस. पूजेनंतर मशीन एकदा चालवावंच लागतं, शकुन असतो.” मुनियण्णानं मान हलवली आणि जाळी घ्यायला पाटाकडे वळला.

“पाटावरचं उचलायचं नाही,” अप्पा म्हणाले. “उद्या.”

“रायरे,” मालकांना तो असंच म्हणे, “दोन मिनिटांत बसवतो. काम झालं की परत ठेवतो.”

“कुंकू लागलंय तिला. कळत नाही? वर्षभर माझ्या घराला अपशकुन लावतोस काय? दहा मिनिटांचं काम आहे, बस.”

तो उभाच राहिला. सगळे उभे होते. मला माझी चूक त्या क्षणी कळली. मी तबक खाली ठेवलं, पाटाकडे पळाले आणि जाळी उचलायला वाकले. माझी बोटं जाळीला लागली न लागली तोच अप्पा आले, खाली वाकले आणि त्यांनी पाटावरून फूटपट्टी उचलली. मी नुकतंच लावलेलं कुंकू तिच्यावर ओलं होतं. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा खांद्यावर, मग मी मोजले नाहीत. पाठीवरून काहीतरी ओलं ओघळत होतं आणि ते कुंकू की रक्त मला कळत नव्हतं. आई कोपऱ्यातून “अहो” म्हणाली. फक्त “अहो.”

तेवढ्यात मुनियण्णा मध्ये आला. त्यानं अप्पांचा हात धरला नाही, तशी कोणाची छाती नव्हती. तो एवढंच म्हणाला, “मारू नका रायरे तिला. सरी, बसतो मी.” आणि जाऊन मशीनवर बसला. फूटपट्टी थांबली.

मशीन सुरू झालं. अप्पा त्याच्या डोक्याशी उभे राहून लवकर, लवकर म्हणत होते. मी पाटाजवळ जमिनीवर बसून हुंदके देत होते. मुनियण्णा आधी जपून, बोटांच्या टोकांनी पट्टी सरकवत होता, आणि मग सवयीनं हाताचा वेग वाढला. एकदा त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ठीक आहे की नाही एवढंच बघायचं असेल त्याला. त्याच्या पायानं तोवर पेडल दाबलं होतं. आवाज नेहमीसारखाच झाला, त्यात काही वेगळं नव्हतं. मग त्यानं हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि तो हात ओळखीचा नसल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला. अंगठा होता, करंगळी होती. मधे काही नव्हतं.

माझ्या आधी कोणी हललं नाही, हे मात्र मी ठामपणे सांगू शकते. मी उठले, तबकातली सगळी हळद ओंजळीत घेतली आणि त्याच्या हातावर थापली. घरात जे करत होते तेच केलं. हळद लाल झाली, पुन्हा घातली, पुन्हा लाल झाली. माझ्या नव्या परकराची किनार फाडून बांधली. तो अजून ओरडला नव्हता. दोघं कामगार त्याला धरून बाहेर नेऊ लागले तेव्हा तो उंबऱ्यातल्या कोहळ्यावरून घसरला आणि तेव्हा ओरडला. रस्ताभर लाल पाणी, लाल गर. त्याचं रक्त त्यात मिसळलं आणि दोन घरं सोडून उभी असलेली माणसं बत्तासे खात बघत राहिली, कारण त्यांना ती पूजाच वाटली. अप्पांनी बादली आणून मशीन स्वतः धुतलं. बोटांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

दवाखान्यात मी हट्टानं बरोबर गेले. तिथले डॉक्टर जखमेतली हळद आणि तूप खरवडून काढताना मुनियण्णा टेबलावर असा ताठ होई की दोन माणसांना त्याच्या छातीवर दाबून धरावं लागे. तूप कुठून आलं? घरच्या सवयीनं दिव्यातलं तूपही मी त्यात घातलं होतं. डॉक्टर माझ्यावर उखडले. “कोणी सांगितलं हे थापायला? स्वच्छ ओलं कापड बांधायचं आणि घट्ट दाबून आणायचं. ही घाण काढण्यातच अर्धा तास गेला.” माझ्या आयुष्यातली पहिली शिकवणी ती. आज पीण्यात, बोम्मसंद्रात शेडोशेड जाऊन मी सांगते की हळद नको, चहापूड नको, तंबाखू तर नकोच. सांगताना माझा आवाज चढतो आणि लोकांना वाटतं अक्का तापट आहे. तापट आहेच. ते तूप मी घातलं होतं.

दवाखान्यातून पोलिसांत आणि तिथून फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे बातमी गेली. तोवर अप्पांनी गोष्ट तयार केली होती. मुनिया सणाची पिऊन आला होता, त्यानंच आपणहून जाळी काढली, अप्पा नको म्हणत असताना मशीनवर बसला. बाकीचे कामगार खाली बघणारे होते, त्यांनी माना हलवल्या. गोष्ट टिकली असती तर मुनियण्णाला दारुडा म्हणून पीण्यात कोणी दारात उभं केलं नसतं, आणि आता त्याला एकच धड हात होता. गोष्ट पक्की करायला अप्पांना मी हवी होते. लहान पोर खोटं बोलत नाही असं साहेब लोकांना वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. मोरीत पाय घसरण्याची माझी तालीम तर झालेलीच होती. तीन संध्याकाळ त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. तोंडाला वास येत होता. जाळी त्यानंच काढली. अप्पा नको म्हणत होते. चुकले की फूटपट्टी टेबलावर आपटायची, अंगावर नाही, खुणा दिसल्या असत्या.

इन्स्पेक्टर शेडमध्ये आले, चष्मा लावलेले, थकलेले गृहस्थ. मुनियण्णालाही बोलावलं होतं. त्याच्या हाताला एवढं मोठं पांढरं गाठोडं, ते तो छातीशी धरून उभा. इन्स्पेक्टरांनी आधी विचारलं, “जाळी कोणी काढली?” मी तोंड उघडायच्या आत मुनियण्णा बोलला.

“मी काढली, सर. पूजेसाठी.”

“स्वतःहून?”

“हौदु, सर. माझ्याच मनात आलं.” त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“ऐका,” अप्पा म्हणाले. “आपल्या तोंडानं सांगतोय. पिऊन होता.”

मग इन्स्पेक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “काय बाळ, तू काय पाहिलंस?” अप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता, बरोबर ज्या जागी वळ होता त्या जागी. मला पाठ केलेलं सगळं आठवत होतं. मी त्या गाठोड्याकडे बघितलं आणि बोलायला लागले, आणि जे बोलले ते भलतंच होतं. मी म्हणाले, “वास येत नव्हता. मुनियण्णा जाळी लावतो म्हणाले. अप्पा म्हणाले, पाटावरचं उचलायचं नाही. मी उचलायला गेले तर अप्पांनी पाटावरची पट्टी उचलली आणि मला मारलं. जाळी उचलायची नाही म्हणाले आणि पट्टी उचलली.” हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणाले असं आई नंतर सांगायची. मग मी झगा खांद्यावरून खाली ओढला आणि पाठ दाखवली.

शेडला काही महिने कुलूप लागलं. मुनियण्णावरचा दारूचा डाग पुसला गेला, आणि पुढे जवळच्याच एका कारखान्यात गेटवर बसायचं काम त्याला मिळालं. त्या साहेबांनी आपल्या पद्धतीनं न्याय केला, आणि मग ते आपल्या घरी गेले. आम्ही आमच्या घरी गेलो. स्कूटर स्टँडवर चढली नाही, अंगणात आडवीच पडली. अप्पांनी दार लावलं, माझा डावा हात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पालथा धरला आणि फूटपट्टीच्या कडेनं मारत राहिले. तोंडानं एकच विचारत होते, कोणाची मुलगी तू, कोणाची मुलगी. दोन बोटांचा आवाज मला ऐकू आला, शेंग मोडल्यासारखा. आणि त्या दिवशी आई पहिल्यांदा ‘अहो’च्या पुढे गेली. तिनं चुलीवरचं उकळतं सार उचललं आणि म्हणाली, “अजून एक मारलं तर हे तुमच्या डोक्यावर ओतते.” भांड्यातलं सार सांडत होतं, तिच्याच पायांवर. अप्पा पट्टी ठेवून बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी मारलंच नाही असं मी लिहिणार नाही, मारलं. पण दारं लावून घेणं थांबलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. म्हातारपणी अप्पांचा उजवा हात लुळा पडला, आणि त्यांना पीण्यातल्या माझ्याच खोलीत आणावं लागलं. रोज सकाळी मी त्यांची बोटं उघडायची, मिटायची. माया दाटून आली असं काही नाही. कित्येकदा ती बोटं उलटी वाकवावीत असं मनात येई, आणि मी पाणी पिऊन यायची. रक्त त्यांचंच आहे. एका शेडच्या मालकानं कामावरच्या पोरीच्या प्रेसची जाळी उत्पादन वाढावं म्हणून काढली होती, त्याच्या मी चार माणसांत थोबाडीत मारली होती, तेव्हा माझं वय पन्नास होतं आणि मी दोन दिवस समाधानात होते. सत्काराच्या भाषणात हे कोणी घेत नाही.

माझी बोटं वाकडी जुळली. शाळेत मी हात पदराखाली, म्हणजे ओढणीखाली ठेवायला लागले. आई दर शनिवारी अप्पांना न सांगता एक डबा भरायची आणि मला दासरहळ्ळीच्या बसमध्ये बसवायची. डबा मुनियण्णाकडे द्यायचा. निरोप काही नसे, होळगी असत. पहिल्या शनिवारी मी दाराशी पोचले तेव्हा तो आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. बँडेज सुटलं होतं, पण हात पंच्यात गुंडाळलेला. त्याची बायको राजम्मा चुलीपाशी नाचणीचं पीठ काठीनं घोटत होती. मी तिला नको असणार, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. तिनं काठी आपटली आणि कोणाकडेच न बघता म्हणाली, “महिना झाला, हात उघडून बघत नाही. मी भरवते ते खातो, लहान पोरासारखं.”

मुनियण्णा वळला. माझ्याकडे बघायच्या आधी त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. मी तो लपवला. “बघू,” तो म्हणाला. मी हलले नाही. तेव्हा त्यानं पंचा सोडला आणि आपला हात पुढे केला. अंगठा, करंगळी, आणि मधे गुलाबी, चकाकती कातडी. मी माझा हात त्याच्याशेजारी ठेवला. कितीतरी वेळ तो माझ्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा असा झाला की राजम्मानं काठी खाली ठेवली. मशीननं हात खाल्ला तेव्हा तो रडला नव्हता, असं ती नंतर म्हणाली.

राजम्मानं वाफाळतं पीठ परातीत ओतलं. मुनियण्णानं डावा हात पाण्यात बुडवला, मग पहिल्यांदाच उजवाही बुडवला, एक गोळा तोडून माझ्या पुढ्यात सरकवला. “तळहातानं वळ. बोटांची गरज नाही, तळहात पुरतो. गरम आहे, लागेल स्वल्प.” लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण महिनाभर ताठरलेली माझी बोटं त्या उष्ण, मऊ गोळ्याभोवती हळूहळू वाकायला लागली. समोर त्याचा उरलेला हातही वळत होता, गोळा निसटत होता, तो पुन्हा पकडत होता. आजही माझ्या खोलीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात गरम नाचणीचं पीठ देते. मोठमोठ्या दवाखान्यांतली माणसं येऊन विचारतात, हे कुठे शिकलात. मी सांगते, दासरहळ्ळीला.

आणि तिथे, पीठ वळता वळता, मला ते सहन होईना. मी म्हणाले, “अण्णा, मी साहेबांना सगळं नाही सांगितलं. जाळी मी काढायला लावली. तुम्ही नको म्हणत होता. मी हट्ट केला.”

राजम्माचा हात थांबला. तिला हे माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

“पाना कोणाच्या हातात होता?” तो म्हणाला.

“पण मी…”

“मी तीस वर्षांचा, तू अकरा. पाना माझ्या हातात होता.” तो गोळ्याकडेच बघत बोलत होता. “आणि तू तिला माळ का घातलीस, ते मला माहीत आहे. तेवढ्या वर्षांत त्या जाळीला कोणी हातही जोडला नव्हता. आता सुम्ने वळ, पुट्टी. गार झालं की भेगा पडतात.”

मी गोळा वळला. माझा मुद्दा, त्या गोळ्याला तिकडे हेच म्हणतात, एका बाजूनं चपटा आणि वर बोटांचे खड्डे पडलेला झाला. त्याचा त्याहून बरा नव्हता. राजम्मानं दोन ताटांत हुळी, म्हणजे आंबट आमटी, वाढली, आणि थोडं थांबून तिसऱ्या ताटातही, माझ्यासाठी. मुनियण्णानं दोन्ही मुद्दे निरखून पाहिले, माझा उचलून आपल्या ताटात घेतला आणि स्वतःचा माझ्या ताटात ठेवला. मग त्यानं आपल्या उजव्या हातानं, अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये धरून, पहिला घास तोडला.